परसातली शेड, कबुतरांची ढाबळ

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. तेव्हापासून घरी कबुतरं पाळणाऱ्यांना एक धास्ती बसली आहे. परसात लक्का कबुतरांच्या दोन जोड्या ठेवल्या तर दंड होईल का? शेजाऱ्याने तक्रार केली तर पक्षी उचलून नेतील का? या प्रश्नांच्या मागोमाग दुसरे प्रश्न येतात, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचे आहेत. अडगळीची शेड रिकामी आहे, त्यात थेट सोडले तर चालतील का? जाळी लावली होती, तरी मांजर शिरलं कुठून? थंडी लागू नये म्हणून सगळं बंद केलं, तरी पिल्लं का मेली?

हा लेख बंगल्याच्या मागे, शेतघराशेजारी किंवा गावाकडच्या परसात पत्र्याची नाहीतर लाकडी शेड असलेल्या वाचकांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. शेड ही वस्तूंसाठी बांधलेली असते. कुदळ-फावड्यांना श्वास घ्यायचा नसतो आणि त्यांच्यावर रात्री कुणी डोळा ठेवून बसलेलं नसतं. म्हणून शेडची ढाबळ करताना क्रम असा: आधी ती कोरडी करा, मग हवेशीर, मग बंदिस्त. पक्षी सगळ्यात शेवटी आणा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. रविवारच्या बाजारातून जोडी येते आणि मग तिला ठेवायचं कुठे याची धावाधाव सुरू होते.

पारवा वेगळा, कबुतर वेगळं

मुंबईतली कारवाई सार्वजनिक जागी पारव्यांना दाणे टाकण्यावर आहे. जुलै २०२५मध्ये शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली आणि पालिकेने दाणे टाकणाऱ्यांना ५०० रुपये दंड करायला सुरुवात केली. मामला उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. पण या सगळ्याचा विषय रस्त्यावरचे, कुणाच्याच मालकीचे नसलेले पक्षी हा आहे. जीवशास्त्राच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे असले, तरी मराठीने इमारतीच्या कोनाड्यातला तो पारवा आणि ढाबळीतलं ते कबुतर असा भेद फार आधीच केलेला आहे. तुमच्या आवारात, तुमच्या खर्चाने, बंदिस्त जागेत पाळलेला पक्षी या कारवाईत येत नाही. मात्र परसात उघड्यावर दाणे पसरून आजूबाजूचे पारवे गोळा केलेत, तर हा फरक तुम्हीच पुसून टाकला असं होईल.

कायद्याच्या बाजूने एवढं लक्षात ठेवा:

- रानपक्षी नकोत. होला, पोपट किंवा आपला राज्यपक्षी हरियाल ढाबळीत ठेवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आड येतो. कोनाड्यातला पारवाही पकडून आणू नका. तो आणताना त्याच्यासोबत कोणते आजार घरी येतील ते सांगता येत नाही.
- पिंजऱ्याचं माप हाही कायद्याचा विषय आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमातलं कलम ११ पाहा. नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी किंवा पक्षी कोंडणं आणि त्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हे त्यात गुन्हे आहेत.
- दुकानदाराकडे नोंदणी आहे का ते विचारा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८चे नियम आहेत, त्यानुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. विकत घेतलेल्या पक्ष्यांची पावती जपून ठेवा.
- नवं बांधकाम करणार असाल तर परवानगीचं आधी विचारा. असलेल्या शेडमध्ये जाळी-फळ्या लावणं आणि नवा पक्का चौथरा घालून छप्पर उभं करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आकडा आधी ठरवा

समजा तुमची शेड आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात फूट उंच आहे. म्हणजे जमीन ४८ चौरस फूट. एका पक्ष्याला दोन चौरस फूट धरले तर २४ पक्षी मावतील असं दिसतं. हवेचा हिशोब मांडला तर शेडमध्ये ३३६ घनफूट हवा आहे आणि पक्ष्यामागे दहा घनफूट धरले तर ३३ पक्षी. दोन हिशोब, दोन उत्तरं. यातलं लहान उत्तर घ्या आणि त्याचंही अर्धं करा, म्हणजे बारा पक्षी, सहा जोड्या.

अर्धं कशासाठी? कारण कबुतरं थांबत नाहीत. मादी एका वेळी दोन अंडी घालते. ती सतरा-अठरा दिवसांत फुटतात. पिल्लं चार-पाच आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात, आणि ती पुरती बाहेर पडायच्या आत मादी पुढच्या अंड्यांवर बसलेली असते. दाणापाणी नीट असेल तर एक जोडी वर्षात पाच-सहा वेळा पिल्लं काढते. तीन जोड्यांची वर्षाअखेरीला तीस पिल्लं होतात आणि हौस होती तिथे गर्दी होते. गर्दीत भांडणं होतात, विष्ठा साचते, आजार पसरतो. यावर सोपा उपाय आहे. पिल्लं नको असतील तेव्हा खरी अंडी घातल्या-घातल्या उचलून त्यांच्या जागी लाकडी किंवा प्लास्टिकची अंडी ठेवा. जोडी त्यांच्यावर ठरलेले दिवस बसते आणि मग नाद सोडते. अंडी नुसतीच उचललीत तर मादी लगेच पुन्हा घालते आणि खंगत जाते.

पहिल्यांदाच पाळणाऱ्यांनी तीन जोड्यांवर थांबावं. आणि जोड्याच घ्याव्यात. एकटा उरलेला नर दुसऱ्यांच्या घरट्यांत घुसून अंडी फोडतो.

आधी शेड रिकामी करा

पूर्ण रिकामी. कोपऱ्यातला कीटकनाशकाचा डबा, उंदरांचं औषध, खताची पोती, रंगाचे अर्धवट डबे यांतलं काहीही आत राहता कामा नये. कबुतराला दाणे दळण्यासाठी पोटात खडे लागतात, त्यामुळे ते जमिनीवरची कोणतीही बारीक वस्तू टिपतं. त्यात चुका आणि तारेचे तुकडे आले, आणि जुन्या रंगाचे पोपडेही. सुताराचं काम झालं की लोहचुंबक फिरवून जमीन साफ करा. जुना रंग सुटत असेल तर ओला करून खरवडा आणि चुना द्या.

छपराला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, करवत लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ तुमच्याही फुप्फुसांत जाते. पत्रा फुटका असेल तर माहीतगार माणसाकडून तो अख्खाच बदलून घ्या.

पाऊस, पत्रा आणि उकाडा

आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून ढाबळीची जाळीची बाजू पूर्वेला किंवा आग्नेयेला असावी आणि पश्चिमेची भिंत सलग बंद. सकाळचं ऊन आत येतं, जमीन वाळते, पक्षी पंख पसरून उन्हात लोळतात. शेडचं दार पश्चिमेलाच असेल आणि हलवता येत नसेल, तर ते बंद करून पूर्वेला नवं दार काढण्याचा खर्च करा. हा खर्च टाळून पुढे औषधांवर पैसे घालवणारे पुष्कळ आहेत.

कोकणात छपराला उतार जास्त हवा आणि वळचण भिंतीच्या पुढे दीड-दोन फूट आलेली हवी, म्हणजे पागोळ्यांचं पाणी जाळीतून आत उडत नाही. विदर्भात प्रश्न वेगळा. मे महिन्यात पत्र्याखालची ढाबळ म्हणजे भट्टी. पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या, पत्र्याखाली चार-सहा इंचांची पोकळी सोडून प्लायवूडचं दुसरं छत ठोका आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून हवा खेळू द्या. मंगलोरी कौलं मिळत असतील तर प्रश्नच मिटला. कबुतर चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसलेलं दिसलं की समजा, त्याला उकडतंय.

जमीन कोणती असावी यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. कुणी फरशी सांगतात, कुणी माती, कुणी लाकूड. आपल्या पावसाचा विचार करता जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेली लाकडी जमीन उत्तम. खालून हवा जाते, ओल चढत नाही आणि घुशीला बीळ करायला आडोसा उरत नाही. सिमेंटचा कोबा धुवायला सोपा असला तरी जुलैमध्ये तो घामेजतो, आणि ओली विष्ठा म्हणजे जंत, बुरशी, रक्ती हगवण यांना आमंत्रणच.

बंद शेड हे खरं संकट

मांजराला सगळे घाबरतात, कोंदट हवेला कुणीच नाही. पिल्लं का मेली या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे सापडतं. हिवाळ्यात गोणपाट लावून शेड गच्च बंद केली जाते. आत बारा पक्ष्यांचा श्वास, विष्ठेतून निघणारा अमोनिया आणि पिसांची पांढरी पूड साठत राहते. कोरडं कबुतर आपल्याकडची थंडी सहज सोसतं. ओलसर, कोंडलेल्या हवेत मात्र त्याची छाती भरते.

हवा खालून यावी आणि वरून जावी. जमिनीपासून वीतभर उंचीवर एका भिंतीला जाळीचे झरोके ठेवा आणि समोरच्या भिंतीला छपराला लागून लांबट फट. गरम हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी ताजी येते. पक्षी जिथे बसतात त्या उंचीवर मात्र थेट झोत नको. सकाळी दार उघडून आत डोकं घाला. डोळे चुरचुरले किंवा नाकाला झोंबलं, तर झरोके अपुरे आहेत. यापेक्षा खात्रीची चाचणी नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत.

अर्धा इंच

बाजारात षटकोनी छिद्रांची स्वस्त कोंबडीजाळी मिळते. ती कबुतराला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. मांजर पंजा घालतं, घूस तार कुरतडते, मुंगूस वाकवून आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि ती खिळ्यांनी नाही, तर लाकडी पट्टी दाबून स्क्रूने बसवा. पैसे अपुरे असतील तर बाकी सगळ्यात काटकसर करा, इथे नको.

रात्रीचे पाहुणे कोण आणि कुठून येतात, हे समजून घ्या:

- मांजर वरून येतं आणि सरकती कडी उघडायला शिकतं. कडी-कोयंड्याला कुलूप किंवा निदान खिट्टी हवी.
- घूस आणि उंदीर खालून येतात. जमीन उचललेली नसेल तर शेडभोवती फूटभर खोल चर खणून त्यात जाळी उभी पुरा आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. दाणे पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. दाणे नसतील तर उंदीर नाही, आणि उंदीर नसेल तर त्याच्या मागावर येणारी धामणही नाही.
- मुंगूस आणि उदमांजर दोन इंचांच्या फटीतूनही घुसतात आणि एका रात्रीत सगळी ढाबळ संपवू शकतात.
- शिकरा दिवसा येतो, बारा महिने. हिवाळ्यात बहिरी ससाणाही येतो. जाळीचं छत असलेला बाहेरचा चौक ठेवलात, तर पक्ष्यांना ऊनही मिळतं आणि हा धोकाही टळतो.

यांतल्या मुंगूस, उदमांजर, धामण आणि शिकारी पक्ष्यांना मारणं किंवा सापळ्यात पकडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. साप ढाबळीत शिरला तर काठी शोधू नका, वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा.

दार दुहेरी ठेवा. आधी एक दार, मग माणूस उभा राहील एवढी जागा, मग दुसरं दार. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर हे आणखीच गरजेचं. आणि सगळं काम झालं की एका अंधाऱ्या रात्री शेडमध्ये दिवा लावून दार बंद करा आणि बाहेरून फेरी मारा. जिथून उजेडाची तिरीप येते, तिथून काय काय आत जाऊ शकतं ते पाहा आणि फट बुजवा.

आतली मांडणी

प्रत्येक पक्ष्याला बसायला स्वतःची जागा हवी. आडव्या लांब दांडीवर ती एकमेकांना ढकलत बसतात. त्याऐवजी भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचे उथळ खण करा, पक्ष्यांपेक्षा दोन-चार जास्तच. खालच्या पक्ष्यावर वरच्याची विष्ठा पडत नाही आणि कोणता पक्षी आज आपल्या जागी नाही, हे एका नजरेत कळतं.

घरट्याचा खण मोठा असावा, साधारण दोन फूट रुंद आणि सव्वा-सव्वा फूट खोल व उंच. प्रत्येक खणात मातीचे दोन परळ ठेवा. एका परळात पिल्लं असतानाच मादीला दुसरा लागतो. त्यात कडुनिंबाच्या बारीक वाळक्या काड्या टाका. उरलेलं पक्षी स्वतः करतात. नर एक-एक काडी आणून देतो आणि मादी बसल्या बसल्या रचते, हे पाहायला सकाळी पाच मिनिटं काढा. सकाळी दहाच्या सुमाराला नर अंड्यांवर बसायला येतो आणि दुपारी चारपर्यंत बसतो. बाकीचा वेळ मादीचा. ही वेळ कळली की परळात हात कधी घालायचा हेही कळतं.

पाणी कबुतर चोच बुडवून ओढून पितं, कोंबडीसारखं मान वर करून नाही. म्हणून भांड्यात निदान इंचभर खोल पाणी हवं आणि वर झाकण, म्हणजे विष्ठा पडणार नाही. पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा पसरट घमेल्यात अंघोळीचं पाणी द्या, अंघोळ झाली की लगेच ओता. नाहीतर तेच प्यायलं जातं.

दाणे पक्ष्यामागे दिवसाला साधारण तीस ग्रॅम. बारा पक्ष्यांना रोज ३६० ग्रॅम, महिन्याला अकरा किलोच्या आसपास. ज्वारी, बाजरी, मका, गहू यांच्या जोडीला वाटाणा, मूग, मसूर अशी कडधान्यं हवीतच, पिल्लं असताना जास्त. शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे वेगळ्या वाटीत ठेवा. बुरशीचा वास येणारं धान्य स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. पाऊण तासात जेवढं संपेल तेवढंच टाका.

तुमची फुप्फुसं

इथे थोडं कडक बोलावं लागेल. कबुतरांच्या पिसांची पूड आणि वाळलेली विष्ठा वर्षानुवर्षं छातीत गेली, तर काही माणसांची फुप्फुसं तिच्यावर उलटतात. कोरडा खोकला, धाप, संध्याकाळी कणकण, आणि दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कायमची घट्ट होतात. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. विष्ठेतून बुरशीजन्य आजार आणि सिटॅकोसिसही होऊ शकतो. घरात कुणाला दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर ढाबळ करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उत्तर 'नको' आलं तर ते माना.

बाकीच्यांनी एवढं पाळावं. ढाबळीत जाताना एन-९५ मास्क आणि वेगळा सदरा घाला, तो सदरा घरात नेऊ नका. कोरडा झाडू कधीच नको. आधी पाणी शिंपडा, मग पत्र्याच्या खुरपीने खरवडा. रोज दहा मिनिटं केलं तर काम सोपं असतं, महिन्याने केलं तर ती शिक्षा होते. ढाबळ घराच्या खिडक्यांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर असावी. खरवडलेलं खत थेट भाजीला घालू नका, आधी चांगलं कुजू द्या. डॉक्टरकडे खोकला घेऊन गेलात तर 'कबुतरं पाळतो' हे आपणहून सांगा. बऱ्याचदा ते विचारलंच जात नाही.

पक्ष्यांच्या आजारांत तीन खुणा ओळखता आल्या पाहिजेत. चोचीच्या आत पिवळट थर दिसला तर कँकर. मान पिळवटून पक्षी गोल फिरू लागला तर मानमोडीच्या जातकुळीतला विषाणू. डोळ्यांभोवती आणि चोचीशी पुटकुळ्या आल्या तर देवी. देवी डास पसरवतात, म्हणून पावसाळ्यात वेल्डमेशच्या आतून मच्छरदाणीचं कापड लावा. लसी कोणत्या आणि कधी द्यायच्या, ते पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या. मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेली प्रतिजैविकं पाण्यात ढवळण्याची सवय वाईट.

अचानक एकाहून जास्त पक्षी मेले तर पुरून टाकून गप्प बसू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. प्राण्यांतल्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९च्या अधिनियमानुसार अशा अधिसूचित रोगाचा संशय आल्यास कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं तरी पुरे.

नवे पक्षी आणि मोकळं आकाश

विकत आणलेला पक्षी थेट ढाबळीत नको. त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा.

बाहेर सोडावं की नाही, हे जातीवर आहे. लक्का, शिराजी, जेकोबीन ही मिरवायची कबुतरं. ती उडण्यात कच्ची असतात आणि शिकऱ्याला सोपी सापडतात. त्यांना जाळीच्या चौकातच ठेवा. गिरेबाज आणि होमर उडणारेच. पण मोठ्या वयात घेतलेला होमर तुमच्याकडे राहील या भ्रमात राहू नका. दार उघडलं की तो जुन्या मालकाकडे जाईल. ओडिशा पोलिसांनी १९४६पासून कबुतरांकरवी संदेश पाठवले ते याच ओढीच्या भरवशावर. १९९९च्या महाचक्रीवादळात संपर्काची साधनं कोलमडली, तेव्हाही ते पक्षी उपयोगी पडले. तुम्हाला उडवायचे असतील तर नुकते दाणे टिपू लागलेले कोवळे पक्षी घ्या किंवा स्वतःच्या ढाबळीत जन्मलेलेच सोडा.

ढाबळीच्या माथ्यावर जाळीचा लहान पिंजरा बसवा. पक्षी आठवडा-दोन आठवडे त्यात बसून भोवतालची झाडं, छपरं, पाण्याच्या टाक्या पाहतात. मग एका शांत संध्याकाळी, भुकेल्या पोटी, दाण्याच्या डब्याचा आवाज ओळखणाऱ्या पक्ष्यांना पहिल्यांदा सोडा. आत येण्याच्या झरोक्यात वरून लोंबत्या तारा लावा, त्या आतल्या बाजूला ढकलल्या जातात पण बाहेर सरकत नाहीत. पक्षी येऊ शकतो, पुन्हा जाऊ शकत नाही.

संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस एकही पक्षी बाहेर नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, पण येवल्यापासून नागपूरपर्यंत तो झाडांवर आणि तारांवर लोंबताना दिसतो.

पिल्लू सात-आठ दिवसांचं असताना पायात बंद कडी घालता येते, नंतर पंजा मोठा होतो. कडीवर वर्ष, क्रमांक आणि तुमचा फोन असावा. कडी वाचता न आल्याने काय होतं याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. मे २०२३मध्ये चेंबूरजवळच्या पीर पाऊ जेट्टीवर एक कबुतर सापडलं. त्याच्या पायांत कड्या होत्या, पंखांवर चिनी वाटणारी अक्षरं होती. हेरगिरीचा संशय आला. पोलिसांची चौकशी चालू असताना ते परळच्या बाई साकरबाई पशू रुग्णालयात सुमारे आठ महिने अडकून पडलं. शेवटी ते तैवानमधल्या शर्यतीतलं भरकटलेलं कबुतर निघालं आणि जानेवारी २०२४च्या अखेरीस त्याला सोडून दिलं गेलं.

शेजारी आणि तुमचे हक्क

कबुतरांचं घुमणं पहाटेपासून सुरू होतं. ढाबळ शेजाऱ्यांच्या झोपायच्या खिडकीला लागून असेल तर तक्रार येणारच आणि ती रास्त असेल. दुर्गंधी, विष्ठा, उंदीर यांचा उपद्रव सिद्ध झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२खाली दंडाधिकारी तो दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. साफसफाईच्या तारखा, लसीकरणाचे कागद, शेडचे फोटो जपून ठेवा. नोटीस आली तर लेखी उत्तर आणि जागेची पाहणी मागा.

सोसायटीत राहत असाल तर गच्ची सगळ्यांची असते. सर्वसाधारण सभेच्या संमतीशिवाय तिथे ढाबळ बांधण्याचा हक्क सांगता येणार नाही. स्वतःच्या बंगल्याच्या आवारात असाल तर कुणी परस्पर येऊन ढाबळ मोडणं किंवा पक्ष्यांना विष घालणं हा गुन्हा आहे. प्राण्याला ठार मारणं, विष देणं, जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मेलेला पक्षी फेकू नका. पशुवैद्यकांकडून शवविच्छेदनाचा अहवाल घ्या आणि मग पोलिसांत जा.

गावी जाताना

गणपतीला दहा दिवस घर बंद असेल तर ढाबळ कुणाच्या भरवशावर? दाण्याची परात भरून ठेवून निघून जाऊ नका. दोन दिवसांत पाणी संपतं आणि तिसऱ्या दिवशी दाण्यांत घुशी येतात. रोज येणारा एकच माणूस ठरवा आणि आधीचे दोन दिवस त्याला सोबत घेऊन काम दाखवा. बारा पक्ष्यांसाठी ३६० ग्रॅमच्या दहा पुड्या बांधून डब्यात ठेवा, म्हणजे अंदाजपंचे दाणे टाकले जाणार नाहीत. जाण्याच्या आठवडाभर आधी परळांत लाकडी अंडी घाला. पक्षी बाहेर सोडायचे नाहीत हे बजावा. दाराच्या आतल्या बाजूला पशुवैद्यकांचा फोन आणि पक्ष्यांची संख्या खडूने लिहा, मास्क खुंटीला टांगा, आणि कुलपाची दुसरी किल्ली शेजारच्या घरी ठेवा.